ग्वाल्हेरच्या थंडीत स्लॅब: लवकर ताकद यावी म्हणून केमिकल घालावं का?

तुम्ही विचारलंय की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या घरावर मजला चढवताय, स्लॅब जानेवारीत आहे आणि ठेकेदार म्हणतोय, ‘केमिकल डाल देंगे, पाँच दिन में सेंट्रिंग खोल देंगे.’ ऐकावं का?

आधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. कॅल्शियम क्लोराइड असेल तर सरळ नाही म्हणा. ते स्वस्त आहे, सिमेंटची पाण्याशी होणारी क्रिया झपाट्याने वाढवतं, पण सळया गंजवतं. हिशोबच बघा: घनमीटरला सात गोण्या सिमेंट आणि २ टक्के मात्रा म्हणजे ७ किलो केमिकल, त्यात ३ किलोच्या वर क्लोराइड. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे मर्यादा आहे ०.६ किलोची! घालायचंच तर क्लोराइडविरहित घ्या. कॅल्शियम नायट्रेट किंवा फॉर्मेटवाली मिळतात. मात्रा कंपनीच्या कागदाप्रमाणे, मिस्त्रीच्या अंदाजाने नव्हे.

पण खरं सांगू का, घरच्या स्लॅबला आधी गोणी बदलून बघा: पीपीसी (कोळशाची राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट) ऐवजी ओपीसी (साधं, बिनराखेचं). पीपीसीची ३ दिवसांची किमान ताकद मानकाप्रमाणे १६ एमपीए (ताकद मोजायचं एकक), ५३ ग्रेड ओपीसीची २७. थंडीत फ्लाय अ‍ॅशवालं सिमेंट आणखीच रेंगाळतं. (एरवी मी पीपीसीच घ्यायला सांगतो, हे वेगळं.) दुसरं, पाणी कमी. मिक्सरवाला ‘माल चलता नहीं’ म्हणत बादली ओततो, तिथेच ताकद जाते. त्यापेक्षा सुपरप्लास्टिसायझर घाला, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणारं केमिकल. आणि माल सकाळी लवकर संपवा, म्हणजे दिवसाचं ऊन मिळेल. रात्री ताडपत्री, खाली कोरडी पोती. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा बऱ्याचदा पाच-सात अंशांवर येतो, तेव्हा ही पांघरूणं केमिकलइतकीच कामाची.

पाच दिवसांचं म्हणाल तर, आयएस ४५६ साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (आधारापासून आधारापर्यंतच्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवायला सांगतं, त्याहून मोठ्याला १४. तेही ओपीसी असेल आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तर. तुमच्याकडे रोज रात्री जाणार, म्हणजे मुदत वाढणारच. केमिकल घातलं म्हणून ती आपोआप कमी होत नाही.

ठेकेदार हटूनच बसला तर स्लॅबच्याच मालाचे सहा क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरून घ्या आणि ते पाण्याच्या टाकीत नको, स्लॅबवरच त्याच पोत्यांखाली ठेवा. सातव्या दिवशी तीन प्रयोगशाळेत फोडून ताकद बघा. आकडा कमी आला तर बाकीचे तीन दहाव्या-बाराव्या दिवशी. टेकू कधी काढायचे ते तुमचा स्ट्रक्चर इंजिनिअर आकडा बघून सांगेल.