तारीख तर गेली, आता बाबांना काय सांगू?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही ऐरोलीला राहतो, घरात सहा माणसं. बाबा ६८ वर्षांचे, रिटायर्ड. दोन वर्षं मोबाईलवर जगबुडीचे व्हिडिओ बघतायत, तसल्या एका ग्रुपमध्येही आहेत. जूनमधली एक तारीख धरून त्यांनी एफडी मोडली, दीड लाख ग्रुपला दिले आणि साठ किलो तांदूळ आणून ठेवला. तारीख गेली, काही झालं नाही. गणपतीत काकांनी सगळ्यांसमोर चेष्टा केली तेव्हापासून बाबा गप्प असतात, आणि आता म्हणतात तारीख पुढे गेलीय. तांदळाला पोरकिडे लागले. त्यांना कसं पटवू?

उत्तर : दादा, पटवायचं नंतर बघू, आधी काकांना थांबवा. हे मी घरच्या अनुभवावरून सांगतेय. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीची भीती सगळीकडे पसरली होती, केतू धरून आठ ग्रह मकरेत, ५ तारखेला सोमवारी पहाटे अमावास्या संपता संपता खग्रास सूर्यग्रहण, आणि ठिकठिकाणी यज्ञ चालले होते. आमची आजी तेव्हा नौपाड्यात चाळीत राहायची. तिने एक बांगडी यज्ञाला दिली आणि रविवारी डब्यातलं सगळं तूप घालून पोरांसाठी लाडू केले, उद्या असू नसू म्हणून, रात्री चारही पोरांना एकाच गादीवर घेऊन झोपली. सोमवार आला तसा गेला. मग सासऱ्यांनी त्या बांगडीवरून तिला कित्येक वर्षं टोमणे मारले, आणि आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली की यज्ञ झाले म्हणून वाचलो. मला अजून वाटतं, एकदा कोणी तिला "तू घाबरली होतीस ना गं" असं नुसतं विचारलं असतं तर ती मोकळी झाली असती.

तारीख हुकली की माणूस भानावर येईल असं आपल्याला वाटतं, पण प्रत्येक वेळी तसं होत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी येशू परत येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी लोक हसायला लागले. बरेच जण सोडून गेले, पण काहींनी तारीख बरोबरच होती, घटना स्वर्गात घडली असा अर्थ लावला आणि त्यातूनच पुढे एक पंथ उभा राहिला. तिथल्याच हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या धर्मोपदेशकाने जगबुडीची तारीख २१ मे २०११ सांगितली, ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर, आणि २०१२ मध्ये मात्र स्वतःच चूक कबूल केली. म्हणजे परत फिरता येतं, अगदी सांगणाऱ्यालाही. पण परत आल्यावर घरात बसायला जागा हवी ना, सगळे दात काढत उभे असतील तर माणूस ग्रुपमध्येच राहणार, तिथे निदान कोणी हसत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र कडक राहा. आता पुढची एफडी मोडायची असेल तर आईला विचारून, एवढं एकच कबूल करून घ्या. फसवून पैसे घेतलेत असं दिसलं आणि ते ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. बाबा झोपत-जेवत नसतील किंवा मरणाचं बोलत असतील तर वाट बघू नका, १४४१६ वर फोन करा, टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नवी तारीख त्यांनाच कॅलेंडरवर लिहू दे, नेमकं काय होणार तेही त्यांच्या हाताने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घरी थांबा, काही बोलू नका, चहा घ्या सोबत.

आणि तो तांदूळ. साठ किलो एकट्यासाठी कोणी आणत नाही हो, त्यांनी सहा माणसांचा हिशेब केलाय, त्यात तुम्ही पण आहात, हे त्यांना एकदा बोलून दाखवा. रविवारी दोघांनी मिळून गच्चीवर चादरीवर पसरा, थोडं ऊन दाखवा, चाळून घ्या आणि कडुलिंबाचा पाला घालून भरून ठेवा. खाता येतो तो.