विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असतानाचे कागद कुठे बघायला मिळतात? नानावटींना माफी का दिली, हे त्यात सापडेल का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्ही कुठे जायचं ते त्यावर ठरणार आहे. नौदल अधिकारी नानावटींना प्रेम आहुजांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली होती; तिच्या माफीचं कारण शोधत असाल तर पंडितबाईंच्या खासगी कागदांपासून सुरुवात करू नका. ते दिल्लीत आहेत आणि तुमचं काम मुंबईत सुरू होतं.

राज्यपालाच्या नावाने निघालेला निर्णय आणि राज्यपाल म्हणून राहिलेल्या माणसाची पत्रं एका कपाटात नसतात. माफीचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १६१ खाली राज्यपालांचा. प्रकरण मात्र तयार होतं मंत्रालयात. अर्ज येतो, गृह खातं नस्ती म्हणजे फाइल उघडतं, विधी खात्याचं मत घेतलं जातं, आणि टिपणी खालच्या टेबलापासून चढत मंत्री, मुख्यमंत्री आणि शेवटी राजभवनापर्यंत जाते. तिथे बहुतेक वेळा एक सही आणि तारीख एवढंच पडतं. अशी जुनी नस्ती उघडली की एका बाजूला टिपणीची पानं असतात, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. वाचायची ती टिपणी. कोणी कोणत्या मुद्द्यावर हरकत घेतली, ती कोणी पुसली, कोणत्या पानावर शेरा अचानक दोन ओळींचा होतो आणि खाली आद्याक्षरं कोणाची आहेत, हे सगळं तिथेच कळतं. अंतिम आदेशात यातलं काही नसतं.

पंडित २८ नोव्हेंबर १९६२ ला महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. नानावटींना माफी १९६४ मध्ये मिळाली, तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. राज्यपालाने असा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं ते पुढे, १९७४ च्या शमशेर सिंग निकालात आणि १९८० च्या मारू राम निकालात. त्यामुळे १९६४ च्या टिपणीत सल्ला कोणी दिला, राजभवनाने आपणहून काही विचारलं का, हे बघण्याला खरोखर अर्थ आहे.

नस्ती मिळवायचे दोन रस्ते. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख विभाग आहे, तिथे खात्यांनी सुपूर्द केलेले जुने अभिलेख असतात. तिथे नसेल तर गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज. अर्जात 'माफी का दिली' असं विचारू नका. कारण विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असं छापील उत्तर येतं. नस्तीच मागा, टिपणी भागासह. त्या वर्षांतले गृह खात्याचे कागद बहुतांशी इंग्रजीत आहेत, कारण मराठीला राजभाषा करणारा अधिनियमच १९६४ चा. तेव्हा नाव 'के. एम. नानावटी' असंच लिहा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) तुमच्या बाजूचं आहे. २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारायची बरीचशी कारणं तिथे गळून पडतात. मंत्रिमंडळाच्या विचारविनिमयाच्या कागदांना मात्र ही सूट लागू नाही, आणि अडवणूक झालीच तर ती तिथे होईल.

'अभिलेख उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. आपल्याकडे नस्त्यांचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायमचा ठेवायचा, 'ब' वर्ग ३० वर्षं, पुढचे त्याहून कमी. ही नस्ती कोणत्या वर्गात घातली होती आणि नष्ट केली असेल तर नाशनाच्या नोंदवहीत तिची नोंद कुठे आहे, हे लगेच ३० दिवसांच्या आत पहिल्या अपिलात विचारा. कागद जाळला असेल तर तो कोणाच्या मान्यतेने, हे कळणं हा तुमचा हक्क आहे. मला या बाबतीत मनापासून वाईट वाटतं: आपल्याकडे इतिहास बऱ्याचदा कोणी दडवलेला नसतो, तो चुकीच्या वर्गात टाकलेला असतो.

अजून एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नानावटींच्याच सुमारास भाई प्रताप यांनाही माफी मिळाली. हे सिंधी व्यापारी, गांधीधाम वसवण्यात पुढे असलेले; आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. प्रेम आहुजा सिंधी, नानावटी पारशी आणि नौदलातले. पारशाला सोडलं आणि सिंध्याला नाही, असं दिसू नये म्हणून दोन्ही माफ्या जोडीने दिल्या, असं तेव्हापासून बोललं जातं. आहुजांच्या बहिणीने लेखी संमती दिली आणि मग मार्ग मोकळा झाला, हे वकील राम जेठमलानी पुढे सांगत आले. ही सगळी ऐकीव साखळी कागदावर तपासायची तर दोन्ही नस्त्या शेजारी ठेवून तारखा जुळवाव्या लागतील. भाई प्रताप यांची नस्तीही मागा. बहुतेक जण ती मागतच नाहीत.

आता दिल्ली. पंडितांचे खासगी कागद तीन मूर्ती भवनात, पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात आहेत. २०२३ पासून त्याचं नाव प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय झालं. घर भावाचंच, नेहरूंचं. असे संग्रह देणगीदाराकडून हप्त्याहप्त्याने येतात, म्हणून सूची बघताना पहिला हप्ता, दुसरा हप्ता असं वेगवेगळं बघायचं. एका हप्त्यात नाव दिसलं नाही म्हणून कागद नाहीच असं समजू नका. काही भाग कुटुंबाच्या अटींमुळे बंदही असतो; कुठला खुला आहे, ते आधी पत्र पाठवून विचारा. संस्थेचं ओळखपत्र आणि शिफारसपत्र बरोबर न्या.

तिथे नानावटी प्रकरणाचा उलगडा करणारी चिठ्ठी मिळेल, अशी आशा धरून जाऊ नका. पंतप्रधान भाऊ, राज्यपाल बहीण, आणि नेहरूंचे विश्वासू व्ही. के. कृष्ण मेनन लंडनला उच्चायुक्त असताना नानावटी तिथे नौदलाचे अधिकारी. त्यामुळे लोकांना संशय येणं स्वाभाविक होतं. पण असलं बोलणं टेलिफोनवर किंवा समोरासमोर होतं. पत्र नाही याचा अर्थ बोलणं झालं नाही असाही नाही, आणि झालं असाही नाही. इथे पुष्कळ लेखक घसरतात. नेहरूंची बाजू तपासायला त्यांच्या निवडक साहित्याची दुसरी मालिका बघा. ती २ सप्टेंबर १९४६ पासून मृत्यूपर्यंतची आहे. राज्यपाल राष्ट्रपतींना ठरावीक काळाने पत्र लिहीत असतात. १९६४ ला राष्ट्रपती राधाकृष्णन होते. त्या पत्रांचा मूळ कागद केंद्राकडे, म्हणून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेऊन ठेवा.

तीन मूर्तीत जाल तेव्हा श्रीप्रकाश यांचेही कागद मागवा. नानावटी प्रकरणात राज्यपालाचा पहिला हात त्यांचा होता. ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून नानावटींना नौदलाच्याच ताब्यात ठेवण्याचा आदेश काढला. अपील सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असताना राज्यपालाला असं करता येत नाही, असं त्या न्यायालयाने सप्टेंबर १९६० मध्ये ठरवलं. राज्याचे महाधिवक्ता एच. एम. सिरवई होते आणि सरकारची पूर्ण बाजू निकालपत्रात छापलेली आहे. तो निकाल आधी वाचा, तो फुकट मिळतो. १९६० ची ठेच लागल्यावर १९६४ ला सरकारने अपील संपल्यानंतरचा मुहूर्त का धरला, ते त्यातूनच स्पष्ट होतं.

आणि दिल्लीला जाणारच असाल तर माफी बाजूला ठेवून १९६४ च्या मे ते ऑक्टोबरची पत्रं मागवा. २७ मे ला नेहरू गेले. ऑक्टोबरमध्ये पंडितांनी राज्यपालपद सोडलं आणि भावाच्याच फुलपूर मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवून त्या लोकसभेत गेल्या. राजभवन सोडावं असं त्यांना कधी वाटू लागलं, त्यांनी कोणाला विचारलं, दिल्लीतून कोणी बोलावलं आणि कोणी टाळलं, हे समजून घ्यायला खासगी कागदांसारखी जागा नाही. नानावटींवर आजवर रकानेच्या रकाने भरून आले आहेत. या पाच महिन्यांवर मराठीत मला तरी नीट लिहिलेलं काही वाचायला मिळालेलं नाही. तुम्ही लिहिणार असाल तर मला जरूर कळवा.