पेपर झाला, पण मला काहीच का वाटत नाही?

"ताई, मी फोंड्याची, वय 24. लॉ संपलं, सनद म्हणजे वकिलीचा परवाना घेतला, आणि आता बारची परीक्षा पण दिली. घरी सगळे खूष, बाबांनी तर निकालाआधीच शेजारी पेढे वाटले. मला मात्र काहीच वाटत नाहीये. दिवसभर झोपते आणि रात्री मोबाईलवर आन्सर की जुळवत बसते, मार्कांचा आकडा दर वेळी वेगळा येतो. मैत्रीण मुंबईला फर्ममध्ये लागली. मावशी रोज विचारते निकाल कधी. आई म्हणते जज्जची परीक्षा दे. पणजीच्या एका वकील मॅडमनी 'ये माझ्याकडे' म्हटलंय, त्यांना अजून फोन केलेला नाही. मी चुकीच्या लाईनीत आले का?"

अगो बाय, पेढ्यांचं वाचून मी जाम हसले. बाबांना काही बोलू नकोस, पेढे वाटायला निकाल लागतो असं त्यांच्या कायद्यात नसेल.

झोपतेस ते झोप. इतकी वर्षं तुझं टाइमटेबल दुसरं कुणीतरी बनवत होतं, इंटर्नल मग सेमिस्टर मग मूट, ते खोटं खोटं कोर्ट, मग इंटर्नशिप, शेवटी ही परीक्षा, आणि ओएमआर शीट देऊन बाहेर आलीस तर सोमवारी कुठे जायचं हे सांगणारं कुणीच नाही. अशा वेळी माणूस नाचत नाही, सुन्नच होतो. ह्यावरून लाईन चुकली असं ठरवू नकोस. फक्त दोन-तीन आठवड्यांनीही झोप, जेवण रुळावर आलं नाही, रडू थांबत नसलं, तर बांबोळीला आयपीएचबीची, मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलची, ओपीडी आहे, नाहीतर 14416 वर टेली-मानस ह्या सरकारी हेल्पलाईनला फोन कर, त्यात लाजायचं काही नाही.

आन्सर की मात्र आजपासून बंद. शंभर प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, ओपनला 45 टक्के आणि एससी-एसटीला 40 टक्के लागतात. आकडा वेगवेगळा येतो म्हणतेस पण किती येतो ते लिहिलं नाहीस, म्हणजे तो बरा असणार, 44 येत असता तर तेच पहिल्या ओळीत आलं असतं. आणि समजा राहिलंच, तर पुढच्या वेळी परत बसता येतं. पास व्हायची परीक्षा आहे ही, रँक काढायची नव्हे.

मला तुझ्या पत्रातली एकच ओळ डाचतेय, ती मॅडमना फोन न केल्याची. मावशी, मैत्रीण, आई, सगळ्यांवर लिहिलंस आणि ही गोष्ट मध्येच टाकून पुढे पळालीस. निकाल लागू दे मग बघू असं मनात असणार. पण तुझ्याकडे सनद आहे ना? मग परीक्षा पास व्हायला सनदेपासून दोन वर्षं मिळतात आणि तोवर प्रॅक्टिस करता येते. म्हणजे निकालाचं कारण चालत नाही गो, तू वकील आहेसच. भीती त्याचीच असेल. आतापर्यंत चुकलं तर आपले मार्क जायचे, आता दुसऱ्याची जमीन जाईल.

ही भीती मला तरी चांगली वाटते, पण ती घरी बसून जाणार नाही. आणि एक सांग, त्या शंभर प्रश्नांत 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडवर एक तरी प्रश्न होता का? नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी कशी धरतात, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची केस, कशी चालते, मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, केस मामलेदाराकडे कशी लढतात, कोमुनिदादची, गावकऱ्यांच्या जुन्या संस्थेची, जमीन नेमकी कुणाची? तो पेपर अख्ख्या देशाचा. गोव्यातली वकिली बरीचशी ह्या गोष्टींवर चालते आणि ती कुणाच्या तरी मागे फायली घेऊन फिरल्याशिवाय येत नाही. म्हणून मैत्रिणीची मुंबई मनावर घेऊ नकोस, तिकडे तिला हे शिकवायला कोण बसलंय.

आईचं म्हणणं पण ह्याच्यातच येतं. मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सिव्हिल जज्जच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस परत लागते, ती सनदेच्या तारखेपासून धरतात, पण प्रॅक्टिस खरंच केली असा दाखला पण लागतो, दहा वर्षं झालेल्या वकिलाचा किंवा कोर्टाचा. तेव्हा आईला सांग, जज्ज व्हायचा रस्ता पण त्या मॅडमच्या चेंबरमधूनच जातो. ती दुसऱ्या दिवशी स्वतःच तुला बसस्टँडवर सोडून येईल.

पैशांचं पहिल्याच भेटीत विचार, आपल्याकडे मुली इथेच गप्प बसतात आणि मग वर्षभर कदंबा बसच्या तिकिटाचे पैसे बाबांकडून घेतात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात महिन्याला 20 हजार आणि गावात 15 हजार द्यावेत असं सांगितलंय, ती सूचना आहे, सक्ती नाही, आणि बरेच सिनियर तेवढे देत नाहीत. पण आकडा माहीत असला की बोलताना मान खाली जात नाही. पैशांबरोबर हे पण विचार की ड्राफ्टिंग करायला मिळणार की नुसत्या तारखा घ्यायला पाठवणार. दुसरं उत्तर आलं तर सहा महिने बघ आणि दुसरं चेंबर शोध, सिनियर काय जन्माचा नसतो.

फोन करायच्या आधी एक दिवस नुसती फोंड्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. काही करायचं नाही. कोण कसं उभं राहतं, जज्जनी विचारल्यावर कुणाची फाईल सापडत नाही, ते बघ. वीस वर्षं प्रॅक्टिस केलेले पण कागद चाचपत असतात, ते बघून तुला बरं वाटेल.

मग मॅडमना फोन. दिवसा करू नकोस, कोर्टात असतील, संध्याकाळी सहानंतर कर. "मॅडम, पेपर झाला, सोमवारपासून येऊ का?" एवढंच. उशीर का झाला ह्याचं भाषण नको, त्यांनी विचारलं तर झोपले होते म्हणून सांग, त्या पण कधीतरी तशाच झोपल्या असतील. आणि मावशीला म्हणावं निकाल वेबसाईटवर लागणार आहे, तूच रोज बघत जा आणि लागला की मला कळव.