वनक्षेत्र की वनाच्छादन?

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "पारसिक टेकड्यांची जुनी आणि आताची उपग्रहचित्रे ताडून प्रकल्प लिहिते आहे. 'वनक्षेत्र घटले' असे लिहिले, तर सरांनी 'वनाच्छादन' केले. फरक काय? आणि 'जंगलतोड' चालेल का?"

सरांची दुरुस्ती अगदी योग्य आहे. वनक्षेत्र ठरते सरकारी नोंदीवर. 1927च्या भारतीय वन अधिनियमाखाली राखीव किंवा संरक्षित म्हणून जाहीर झालेली जमीन उघडाबोडका कातळ असली तरी वनक्षेत्रच. वनाच्छादन म्हणजे वरून दिसणारे झाडांचे छत्र. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था किमान 1 हेक्टर जमिनीवर छत्राची घनता 10 टक्के किंवा अधिक असली की ती वनाच्छादनात धरते, मालक कोणीही असो. एखाद्याची खासगी आमराईसुद्धा त्यात येते! म्हणून वनाच्छादन वाढल्याची बातमी 'वनक्षेत्र वाढले' अशा मथळ्याने छापली की वाचकाची फसगत होते. वर्तमानपत्रांनी ही सरमिसळ थांबवायलाच हवी.

'जंगलतोड' मात्र जपून वापरा. तोड म्हटली की तोडणारा आला, आणि तो चित्रात दिसत नाही. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 30 मीटर लांब-रुंद असतो, सेंटिनेल-2चा 10 मीटर. त्यात ऋतूंचा घोळ वेगळाच. येऊरच्या जंगलातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. ऑक्टोबरच्या चित्राशेजारी एप्रिलचे ठेवले, तर एकही झाड न पडता जंगल गेल्यासारखे वाटेल. उलट पावसाळ्यात पारसिकचे गवतही हिरवेगार दिसते. तेव्हा दोन्ही वर्षांची चित्रे एकाच महिन्यातली घ्या आणि 'आच्छादन घटले' एवढेच म्हणा. जागेवर जाऊन बुंधे किंवा नवी दगडखाण पाहिलीत, तर 'जंगलतोड' बेलाशक लिहा.

खाडीकाठाबद्दल लिहिणार असाल तर एक सांगतो: खारफुटी ही झाडे, कांदळवन हे त्यांचे वन.

'भूवापर' (जमीन कशासाठी वापरतात) आणि 'भूआच्छादन' (जमिनीवर वरून काय दिसते) यांतही असाच फरक. घणसोलीजवळ एखादा हिरवा तुकडा मातकट झालेला दिसला, तर आच्छादन बदलले हे नक्की. तिथे मैदान होणार की इमारत, हे चित्र सांगत नाही. शीर्षकात 'भूवापरातील बदल' हवाच असेल, तर सोबत सातबारा किंवा विकास आराखडा तपासून जोडा.