मारहाण सोसून परत आलेल्या बहिणीला घरच्यांनी कसा आधार द्यावा?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची मारहाण आणि शरीरसंबंधातली जबरदस्ती सोसून धाकटी बहीण तुमच्याकडे राहायला आली आहे. काय झालं ते विचारलं की दर वेळी थोडं वेगळंच सांगते, रात्र रात्र जागी असते आणि परवा त्याच्याशीच हळू आवाजात फोनवर बोलताना दिसली. ती खरं सांगतेय का आणि आम्ही नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांसोबत मी समुपदेशक म्हणून काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तपशील मागेपुढे होतात म्हणून ती खोटं बोलतेय असं समजू नका. माणूस जिवाच्या भीतीत असतो तेव्हा मेंदू काही गोष्टी लख्ख टिपतो, एखादा वास, एखादं वाक्य, पंख्याचा आवाज. पण आधी काय झालं आणि नंतर काय, हा क्रम बऱ्याचदा नीट नोंदलाच जात नाही. त्यात वर्षानुवर्षं मारहाण झाली असेल तर एक रात्र दुसऱ्या रात्रीत मिसळते. शिवाय लाजेमुळे ती आधी थोडंसंच सांगून बघते. ते तुम्ही कसं ऐकून घेता यावर पुढचं सांगायचं की नाही हे ठरतं. म्हणून उलटतपासणी नको. तारखा, वेळा विचारायचं काम पोलिसांचं आणि वकिलांचं आहे, तुमचं नाही.

‘तू ओरडली का नाहीस? त्याला ढकललं का नाहीस?’ हे प्रश्न तर कुणीच विचारू नयेत. अशा वेळी पुष्कळ जणींचं शरीर जागच्या जागी थिजतं, हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडित स्त्रियांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ जणींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के जणींना अत्याचाराच्या वेळी असं थिजण्याचा ठळक अनुभव आला होता आणि ज्या थिजल्या त्यांना पुढे मानसिक आघाताचा विकार आणि तीव्र नैराश्य होण्याचं प्रमाण जास्त होतं. थिजणं ही संमती नाही आणि तो भित्रेपणाही नाही. हे तिला कुणीतरी स्वच्छ शब्दांत सांगायला हवं, कारण ती स्वतःलाच हा प्रश्न विचारत असण्याची दाट शक्यता आहे.

आता काय करायचं. तिचं शरीर, पैसा, झोप, येणंजाणं, सगळं आजवर दुसरा कुणीतरी ठरवत होता. आता प्रेमापोटी तेच तुम्ही करू लागलात, तर तिच्यासाठी फक्त ठरवणारा माणूस बदलला. मला सर्वात जास्त काळजी याची वाटते, कारण चांगल्या घरांतही हे सर्रास होतं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं वगळून. एक बाई भावाबरोबर आल्या होत्या. मी त्यांना काहीही विचारलं की उत्तर भाऊ द्यायचा. त्यांना विचारूनच मी भावाला बाहेर बसायला सांगितलं. मग म्हटलं, ‘कुठे बसाल?’ त्या म्हणाल्या, ‘कुठेही.’ मी काही न बोलता थांबले. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची ओढली आणि दार दिसेल अशी लावली. दार लावू का विचारल्यावर म्हणाल्या, ‘अर्धं असू दे.’ एवढं ठरवून झाल्यावर त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

घरातही असंच करता येतं. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका, आधी आवाज द्या. जवळ घेण्याआधी विचारा. तिच्या खोलीला आतून कडी असू द्या. कुणी भेटायला येणार असेल तर आधी सांगा आणि त्यांना काय सांगायचं, किती सांगायचं हे तिला ठरवू द्या. दचकली, एकदम गप्प झाली किंवा चिडली तर ‘अगं, आता झालं ना ते’ म्हणू नका. ती आत्ता कुठे आहे, समोर कोण आहे, हे शांतपणे सांगा.

‘एकदा सगळं बोलून टाक, मन मोकळं होईल’ हा आग्रहही नको. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने नाकारलेली आहे. ती बोलेल तेव्हा ऐका, थांबेल तिथे थांबा. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आत्ता तुला काय हवंय?’ एवढी तीन वाक्यं सुरुवातीला पुरतात.

फोनचं म्हणाल तर तो हिसकावून घेऊ नका. त्याचा मूड कसा आहे हे ओळखण्यावर तिची सुरक्षितता इतके दिवस अवलंबून होती, ती सवय घर सोडलं म्हणून लगेच सुटत नाही. भीती असते, मुलांचा किंवा पैशांचा प्रश्न असतो आणि हो, मायाही असू शकते. ती कदाचित परतही जाईल. अनेकींना कायमचं बाहेर पडायला एकापेक्षा जास्त वेळा निघावं लागतं. त्या वेळी ‘आता आमच्याकडे येऊ नकोस’ असं कुणीही म्हणू नये, रागातसुद्धा नाही.

सुरक्षिततेचा भाग मात्र टाळू नका. घर सोडल्यानंतरचा काळ बऱ्याचदा जास्त धोक्याचा असतो. त्याने कधी तिचा गळा दाबला होता का, हे एकांतात विचारा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं आढळलं की जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याकडून स्त्रीची हत्या होण्याचा धोका सातपटींहून जास्त असतो. अलीकडेच असं झालं असेल तर गळ्यावर वळ नसला तरी डॉक्टरांना दाखवा, आतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. फोनमधलं लोकेशन आणि जुने पासवर्ड तिच्या संमतीने बदला. त्याला फोन करून जाब विचारू नका आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. तिथे ती खरं बोलूच शकणार नाही आणि जे बोलेल त्याची किंमत नंतर तिलाच मोजावी लागेल.

जबरदस्ती अगदी अलीकडची असेल तर वेळ महत्त्वाची आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत आणि गर्भधारणा टाळण्याची गोळी ५ दिवसांच्या आत सुरू करावी लागते, दोन्ही जितकी लवकर तितकी चांगली. तपासणीला ती होकार देऊ शकते, नकार देऊ शकते किंवा मध्येच थांबवू शकते. बरोबर कोण येणार हेही तीच ठरवेल.

झोप न लागणं, दचकणं, नको त्या आठवणी येणं महिन्याभराहून जास्त टिकलं, तर आघातावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जायचा पर्याय तिच्यासमोर ठेवा. आघातकेंद्री सीबीटी (आघातामुळे मनात बसलेले विचार आणि वागण्याच्या सवयी बोलून हळूहळू बदलणं) आणि ईएमडीआर (त्रासदायक आठवण मनात आणून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत तिची तीव्रता कमी करणं) या दोन उपचारांचा चांगला उपयोग होतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे मात्र आजच सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्या.