फितूर कोण? चार भागांनंतर अंदाज कसा बांधायचा

आधी इशारा: उदाहरणांसाठी '२४', 'लॉस्ट', 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', 'बॅबिलॉन ५', 'गेम ऑफ थ्रोन्स', 'एजंट्स ऑफ शील्ड' आणि 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' या मालिकांमधली रहस्यं फोडली आहेत. ज्यांना त्या पाहायच्या आहेत त्यांनी इथेच थांबावं.

तुमचा प्रश्न असा: तळावर अडकलेली आठ माणसं, दहा भागांचा सीझन, चार भाग झालेत, आतली बातमी तीनदा बाहेर गेली आहे. तुमचा संशय घुम्या सुरक्षाप्रमुखावर आहे, कारण तो कुणाशी बोलत नाही आणि प्रत्येक बैठकीत कपाळाला आठ्या घालून बसतो. हा अंदाज चूक असेलच असं नाही, पण ज्या कारणाने बांधलाय ते कारण कच्चं आहे.

लेखकाला प्रेक्षकांना धक्का द्यायचा आहे की धास्तीत ठेवायचं आहे, हे सगळ्यात आधी ठरवा. 'संशयित दिसतो तो कधीच फितूर नसतो' हा नियम फक्त धक्क्याच्या कथेत चालतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पाचव्या सीझनमध्ये (२०१५) ऑली नावाचा पोरगा आपलाच सेनापती जॉन स्नो याच्यावरच्या हल्ल्यात सामील होतो. त्याआधी सीझनभर कॅमेरा त्याच्या धुमसत्या चेहऱ्यावर जाऊन थांबत होता. ज्यांनी त्याच्या आईबापांना मारलं त्यांच्याशीच जॉन समेट करतोय, हे प्रेक्षकाला पक्कं माहीत होतं. तिथे लपवायचं काही नव्हतंच, फक्त 'कधी' एवढंच बाकी होतं. तुमच्या सुरक्षाप्रमुखाच्या बाबतीत हे पाहा: त्याच्या आठ्यांमागचं कारण प्रेक्षकाला दिलंय का? दिलं असेल तर ती धास्तीची मांडणी आहे आणि तोच फुटू शकतो. कारण न सांगता नुसत्या आठ्या दाखवल्या असतील, तर त्या तुमचं लक्ष दुसरीकडून हटवण्यासाठी आहेत.

दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: फितूर कोण हे लेखकांनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, की चित्रीकरण चालू असताना? खुणा खऱ्या अर्थाने सापडतात त्या पहिल्या प्रकारात. '२४'च्या पहिल्या सीझनमध्ये (२००१–०२) दहशतवादविरोधी पथकातली नीना मायर्स फितूर निघते, पण तो निर्णय सीझन लिहिता लिहिता झाला. त्यामुळे तिचे आधीचे काही प्रसंग मागे जाऊन पाहिले की जुळत नाहीत. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त मार्च २००७ मध्ये उघड झालेले चार छुपे सायलॉनही (माणसासारखे दिसणारे शत्रुयंत्रमानव) तिसऱ्या सीझनचा शेवट रचताना ठरले. अशा मालिकेत पहिल्या भागातला चहाचा कप कुणी कुठे ठेवला हे तपासत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आधी ठरलेलंही नेहमी टिकतं असं नाही. 'बॅबिलॉन ५'च्या १९९३ च्या पथदर्शी भागात लॉरेल ताकाशिमा हे पात्र पुढे फितूर ठरणार होतं. अभिनेत्री मालिकेत आलीच नाही, म्हणून ते काम वाटून दिलं गेलं: सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डीला पाठीत गोळी घातली त्याच्याच हाताखालच्या माणसाने, आणि मनात दडवलेलं दुसरं व्यक्तिमत्त्व निघालं टालिया विंटर्सचं (१९९५). थोडक्यात, कथेत फितुराची जागा आधी असते, माणूस नंतर बसतो. म्हणून 'हा माणूस कसा आहे' यापेक्षा 'त्या जागेवर कोण बसू शकतो' हे विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

आता तक्ता. उभ्या रकान्यात आठ नावं, आडव्या ओळीत तीन गळत्या. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी नोंदवा: बातमी त्याला माहीत होती का, ती पाठवायला एकांत मिळाला का, साधन हाताशी होतं का. कॅमेऱ्याने दाखवलेलं शाईने लिहा, कुणीतरी सांगितलेलं पेन्सिलने. सगळी गफलत पेन्सिलीच्या नोंदींत होते. 'ती रात्रभर माझ्यासोबत होती' असं एक पात्र म्हणालं की प्रेक्षक नाव खोडून मोकळा होतो. नीनाचंच पाहा. सुरुवातीच्याच भागांत तिच्यावर संशय येतो, आणि ज्या दिवसांबद्दल तो असतो त्या दिवसांत ती नायक जॅकसोबत होती म्हणून तो फिटतो. मग पुढचे वीस-एक भाग तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. लवकर आणि ठळकपणे निर्दोष ठरलेल्या पात्राचं नाव कधीही खोडू नका, उलट त्याभोवती गोल काढा.

त्याच सीझनमधली आणखी एक गोष्ट: जेमी फॅरेल ही पहिली फितूर मधल्या टप्प्यातच पकडली जाते. त्यामुळे सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नीना सुरक्षित होते. तुमच्या मालिकेत पाचव्या-सहाव्या भागात कुणी सापडलं, तर पहिल्या तिन्ही गळत्या त्या एकट्या माणसाला शक्य होत्या का ते तक्त्यावर मोजा. एक जरी बसत नसेल तर दुसरा आत आहे.

एकांताचे प्रसंग वेगळे लिहून काढा, मिनिट-सेकंदासह. आपल्याला कुणी पाहत नाही असं वाटत असताना पात्र जसं वागतं ते खरं मानावं, हा लेखक-प्रेक्षकांमधला अलिखित करार आहे. पूर्वनियोजित कथेतला लेखक तो मोडत नाही, तो आधीच कात्री लावतो: दार बंद होतं, पात्र फोन उचलतं आणि पहिला शब्द फुटण्याआधी दृश्य बदलतं. चार भागांत ज्याला एकही पूर्ण एकांत मिळालेला नाही असं मुख्य पात्र कोणतं, ते शोधा. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. अपवाद एकच, ज्याला स्वतःलाच ठाऊक नसतं असा फितूर. 'गॅलॅक्टिका'तली बूमर एकांतात खरोखर घाबरलेली असते. ती भिजलेल्या अवस्थेत भानावर येते आणि तिच्या पिशवीत स्फोटकं सापडतात. अशा पात्राच्या बाबतीत आठवणीतली भोकं मोजायची.

कारण शोधताना 'स्वभाव' बाजूला ठेवा आणि 'दोरी' शोधा, म्हणजे त्या माणसाला बाहेरून कोण ओढू शकतं. 'लॉस्ट'मध्ये मायकल दोघींना गोळ्या घालतो (२००६) ते दुष्ट आहे म्हणून नाही, त्याचा मुलगा पलीकडच्यांच्या ताब्यात आहे म्हणून. त्याआधी तो काही काळ नजरेआड होता. तळापासून तुटून परत आलेलं कुणी तुमच्या आठांत असेल, तर त्या काळाचा हिशेब तक्त्यात हवाच.

पडद्याबाहेरच्या खुणाही पाहाव्यात, मात्र यातून गंमत आधीच संपण्याचा धोका आहे. 'डिस्कव्हरी'त शत्रुपक्षातल्या वोक या पात्राच्या अभिनेत्याचं नाव श्रेयनामावलीत खोटं छापलं होतं. त्या नावाच्या अभिनेत्याचं दुसरं कामच सापडेना, म्हणून चाहत्यांनी जहाजावरचा अधिकारी ॲश टायलर आणि वोक एकच हे आधीच ओळखलं. 'एजंट्स ऑफ शील्ड'चं बंधन वेगळं: ग्रँट वॉर्डची फितुरी ४ एप्रिल २०१४ ला आलेल्या 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर' या चित्रपटाच्या कथेशी बांधलेली होती, म्हणून ८ एप्रिलच्या सतराव्या भागापर्यंत त्याला सरळमार्गी, काहीसा कोराच ठेवणं भाग होतं. 'मागील भागात' या उजळणीकडेही नीट लक्ष द्या. दोन-तीन भाग जुना, बिनमहत्त्वाचा वाटलेला तुकडा तिथे आला, तर आजच्या भागात तो कामाला येणार आहे.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल डॉक्टरकडे जातो. दुसऱ्या भागात औषधसाठ्याच्या चौकशीत ती ठळकपणे निर्दोष ठरली, उपचारासाठी सगळे तिच्यापाशी येऊन बोलतात, त्यामुळे तिन्ही बातम्या तिच्यापर्यंत पोचल्या असणार (ही नोंद पेन्सिलने, कारण तिसरी बातमी पडद्यावर तिला कुणी सांगितलेली नाही). अडतं ते साधनावर: संपर्क कक्षाची किल्ली तिच्याकडे नाही. म्हणून पाचव्या भागात किल्ली कुणाच्या हातून कुणाच्या हाती जाते तेवढं पाहा. ती डॉक्टरच्या जवळपासही फिरकली नाही, तर माझा कौल रद्द समजा आणि संपर्क कक्षातल्या मुलीचे एकांताचे प्रसंग पहिल्या भागापासून पुन्हा लावा.