स्टेटमध्ये नॉनप्रॉफिटची नोंदणी झाली. आता देणगीदारांना करसवलतीची पावती देता येईल का?

इतक्यात नाही. तुम्ही म्हणता की अमेरिकेत तुमच्या वाचनालयाच्या गटाला स्टेटकडून नोंदणीचे कागद मिळालेत आणि एक देणगीदार पावतीसाठी मागे लागलेत. स्टेटच्या नोंदणीने संस्था अस्तित्वात येते, एवढंच. अमेरिकी करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खालची करमाफी आयआरएस (केंद्र सरकारचं करखातं) देते आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

मी इथल्या काही छोट्या संस्थांच्या कागदपत्रांना मदत करतो. अर्जाआधी तुमचे आर्टिकल्स ऑफ इन्कॉर्पोरेशन (स्टेटकडे नोंदवलेला स्थापनेचा दस्तऐवज) काढा आणि त्यात दोन गोष्टी शोधा. संस्थेचा हेतू धर्मादाय, शैक्षणिक अशा मान्य कामांपुरताच आहे, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि उद्या संस्था बंद पडली तर उरलेला पैसा, पुस्तकं, कपाटं दुसऱ्या करमुक्त संस्थेकडे किंवा सार्वजनिक कामासाठी सरकारकडे जातील, हेही हवं. काही स्टेट्समध्ये हे दुसरं कायद्यानेच गृहीत धरलेलं असतं, तरी मी ते लिहूनच घ्यायला सांगतो. स्टेटचा साधा छापील फॉर्म भरला असेल तर ही वाक्यं बहुधा राहून गेलेली असतात. तसं असेल तर आधी स्टेटकडे दुरुस्ती दाखल करा. दुरुस्ती करताना सगळ्या संस्थापकांना बसवून ते कलम मोठ्याने वाचा. ‘बंद झालं तर आपापले पैसे परत घेऊ’ असं कुणाच्या मनात असेल, तर ते त्याच दिवशी बोलून मोकळं व्हायला हवं.

वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत (मागची तीन वर्षं आणि पुढच्या तीन वर्षांचा अंदाज, दोन्ही) आणि मालमत्ता २,५०,००० डॉलरच्या आत असेल, तर सहसा १०२३-ईझेड हा छोटा अर्ज चालतो. फी २७५ डॉलर. नाहीतर पूर्ण अर्ज, म्हणजे १०२३, फी ६०० डॉलर. ईझेडमध्ये आर्टिकल्स जोडावे लागत नाहीत, ती वाक्यं आहेत असं तुम्ही फक्त सही करून सांगता. त्यामुळे चूक तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही आणि पुढे तपासणी झाली की महागात पडते. ईआयएन (संस्थेचा कर-ओळख क्रमांक) आयआरएसच्या साइटवर फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आता तुमच्या देणगीदारांचं. स्थापनेच्या महिन्याच्या अखेरीपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज गेला आणि मंजूर झाला, तर मान्यता साधारणपणे स्थापनेच्या तारखेपासून धरतात, म्हणजे आजची देणगीही त्यात येते. पण तोवर ती खात्री कुणालाच देता येत नाही. त्यांना सरळ सांगा: ‘अर्ज प्रलंबित आहे.’ २५० डॉलर किंवा जास्त देणगी असेल तर सवलतीसाठी त्यांना तुमची लेखी पोच लागेलच, तेव्हा तारीख, रक्कम आणि बदल्यात काही दिलं का, हे आजच टिपून ठेवा.

मंजुरीनंतरही दरवर्षी आयआरएसला माहिती द्यावी लागते. छोट्या संस्थांसाठी त्याचा फॉर्म ९९०-एन, दहा मिनिटांचं काम. सलग तीन वर्षं भरायचा राहिला तर मान्यता आपोआप जाते, म्हणून तो कोण भरणार त्याचं नाव आत्ताच सभेच्या इतिवृत्तात लिहा.